कागदाबाहेरचं कोळवण

पौडच्या रस्त्यांचा अभ्यास करताना मी पुण्यात बसून गावाच्या शिवेवर रेघ मारली आणि पलीकडचं सगळं छाटून टाकलं. उरलेल्या नकाशात कुठला रस्ता किती रस्त्यांना जोडतो ते मोजून संगणकानं वर्दळीचे रस्ते लाल रंगवले. कोळवणचा फाटा मात्र फिकट निळा, म्हणजे ओसाड. त्याच फाट्यावरच्या चहावाल्या मावशींना मी तो नकाशा ऐटीत दाखवला आणि हा रस्ता ओसाड आहे म्हणून सांगितलं. “ह्यात कोळवण कुटं हाय?” म्हणत त्यांनी ओलं बोट कागदाबाहेर, थेट बाकड्यावर टेकवलं. रस्ता जिथे जातो, ते गावच मी कापलं होतं! मला हसू फुटलं, तोवर कोळवणची जीप येऊन थांबली आणि टपरीभोवती झुंबड उडाली. मावशींनी किटली माझ्याच हातात दिली. “धरा. तुमच्या वसाड रस्त्यावरची मान्सं आली. वता च्या समद्यास्नी.”