आत्यांनी घेतलेला टाइम-आउट

सकाळचा सराव चालू होता. चेंडू घेऊन मी मधली रेषा ओलांडली आणि प्रवीण दिसला. माझा नवरा कधी सरावाला येत नाही, घामाच्या वासाने डोकं धरतं म्हणतो. तो कडेला उभा होता आणि त्याने एक तळवा आडवा धरून त्याखाली दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं होतं. बास्केटबॉलमध्ये ही टाइम-आउटची खूण, खेळ मिनिटभर थांबवा म्हणून सांगणारी. आमच्या घरात मात्र ती सगळ्यालाच चालते. भांडण वाढलं, दूध उतू चाललं, कुणाला रडू आवरेना, की हातांचा टी करायचा आणि बाकीच्यांनी असेल ते टाकून यायचं. ही रीत आत्यांनी घातलेली. प्रवीणचे हात तसेच उंचावलेले होते. मी चेंडू तिथेच सोडला... नाशिकरोडच्या घरी, चहा झाल्यावर, मांडीवर पेपर असताना आत्या गेल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढली, स्वतःचं कुणाला काढू दिलं नाही. त्याला आता दीड महिना होत आला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. नाव शकुंतला, माहेर नांदगावचं, आणि नोकरी सगळी घोटीकडच्या आरोग्य केंद्रात, नर्स म्हणून. त्या भागात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, सगळ्यांच्या त्या ‘शिस्टर’. भाताची आवणी चालू असताना बांधावर बसून त्यांनी बायकांना पाळणा लांबवायचं महत्त्व पटवलं, आणि बायकांच्या आधी त्यांच्या सासवांना पटवलं. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याशी बोलायला जायचंच नाही. त्याच्या घरात जायचं, चुलीपाशी बसायचं आणि तिथे जी कोण म्हातारी असेल तिच्याशी गप्पा मारायच्या. “गडी ओसरीवर ठरवतो,” त्या म्हणायच्या, “पण त्याला जेवायला आतच यावं लागतं.”

मी एका सरकारी खात्याच्या महिला संघात बास्केटबॉल खेळते. नोकरी खात्याची, पण खेळते म्हणून मिळालेली. संघातून नाव गेलं की आपण एक साधी कारकून, आणि बूट माळ्यावर. आमच्यात मुली हे सगळं हसत बोलायच्या. लग्न झालं तर बघू, पोर झालं तर पेढे पाठव, असं. पोर झाल्यावर परत आलेली कुणी मी पाहिली नव्हती. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनेच सुस्कारा सोडला, “चला, उड्या मारणं संपलं एकदाचं.” मला मात्र दोन्ही हवं होतं. पोरही हवं होतं आणि माझी जागाही. हे बोलून दाखवायचं कुणाला, हा प्रश्न होता.

तो आत्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सोडवला. मी मेथी निवडत होते. त्यांनी पीठ मळता मळता विचारलं, “मग, पोर कधी पायजे तुम्हाला?” माझ्या हातातली काडी पडली. बाहेरच्या खोलीत सासरे बातम्या ऐकत बसलेले. मी पुटपुटले, “आत्या, बाहेर ऐकू जातंय.” “जाऊ दे की. पोरं कशी होतात ते त्यांना ठावं हाय.” टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. मग त्यांनी प्रवीणलाही आत बोलावून बसवलं, कारण नियोजन एकट्या बाईचं नसतं असं त्या म्हणाल्या. मला अजून निदान तीन-चार हंगाम खेळायचं आहे, हे मी घाबरत सांगितलं. त्यांनी पिठाचा गोळा झाकून ठेवला आणि भाजी काय करायची हे ठरवावं तशा आवाजात म्हणाल्या, “मग तांबी बसवू.” त्याच महिन्यात त्या स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेल्या. सासू सुनेला घेऊन येते ती वेगळ्याच कारणाने, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पुढची वर्षं माझ्या खेळातली सोन्यासारखी गेली. पण नातेवाइकांना चैन कुठे पडणार! नांदगावच्या एका लग्नात प्रवीणच्या चुलतीने भर पंगतीत आत्यांना गाठलं. “काय गं शकू, लय दिस झाले. सुनेचं काय हाय का नाय?” पंगत कान टवकारून बसली. आत्यांनी शांतपणे जिलेबी मोडली. “हाय ना. पुढच्या महिन्यात पुण्याला मॅच हाय तिची.” मी तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलायचे थांबेनात.

तिशी उलटली तशी माझीच घालमेल सुरू झाली. कोर्टावरून घरी येताना दुसऱ्यांची लेकरं बघत उभी राहायचे. आणि त्याच वर्षी आमचे प्रशिक्षक देशमाने सर मला कर्णधार करण्याचं बोलत होते. आत्यांना माझा चेहरा एव्हाना वाचता यायला लागला होता. त्यांनी विचारलं, “भीती कशाची वाटती? पोराची का जागेची?” मी म्हणाले, “जागेची.” “एवढंच? अगं, एसटीत काय करतो आपण? खिडकीतनं रुमाल टाकतो. जागा आपली.” मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी ते शब्दशः अमलात आणलं. तांबी काढली, दिवस राहिले, आणि उलट्या थांबल्या तशा त्या मला रोज सरावाला धाडू लागल्या. धावायचं नाही, उडी मारायची नाही, फक्त बाकावर बसायचं. लोकांच्या नजरेसमोर राहायचं. मी पोट सांभाळत गुण मांडायचे, नव्या पोरींच्या चुका ओरडून सांगायचे. माझ्या बाकावर माझा रुमाल कायम पसरलेला असायचा आणि तो उचलायची छाती कुणाची झाली नाही. सरही त्याच्या शेजारी बसायचे, त्याच्यावर नाही.

मुलगी झाली. नाव ठेवलं संघमित्रा, हाक मारायला मित्रा. सासू नर्स आहे, तेव्हा सव्वा महिन्याच्या बाळंतिणीच्या कोठडीतून आपली सुटका होईल, असा माझा भाबडा समज होता. कसचं काय! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, कानाला रुमाल, सगळं यथासांग झालं. एकदा पाळण्याची दोरी धरून मी हळूच बैठका मारत होते, तर त्या दारात उभ्या. “टाके उसवून घ्यायचेत का? बस खाली!” मी चिडून म्हणाले की तुम्हाला माझ्या खेळाचं काही नाही. त्या खीर ठेवून निघून गेल्या. संध्याकाळी येऊन पाय चेपत म्हणाल्या, “मी लय बाया बघितल्या, पोरी. दुसऱ्याच महिन्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या. त्यांचं नंतर काय झालं ते बी बघितलं. तुला घाई हाय म्हणून तुझं अंग घाई करत नाय.” मग मात्र ठरल्या वेळी त्यांनीच बूट काढून दिले. आधी चालणं, मग पळणं, मग चेंडू. कडेला मित्राला घेऊन त्या बसलेल्या असायच्याच.

मला संघात घेतलं, पण राखीव म्हणून. सर म्हणाले, “बघू, या स्पर्धेत दिसेलच.” स्पर्धा मुंबईकडे होती. मित्रा अंगावर पिणारी, त्यामुळे आत्याही बरोबर. ऐन थंडी, आणि त्यांनी स्वेटर घरीच विसरलेला. आमच्या मॅनेजरबाई रजेवर होत्या, त्यांचं संघाचं निळं जॅकेट आम्ही आत्यांना घातलं. कांजीवरम नसली म्हणून काय झालं, हिरव्या सुती पातळावर ते जॅकेट असं खुललं की मुलींनी त्यांचे फोटो काढले. मध्यंतरात मी मित्राला पाजायचे आणि परत कोर्टावर. एरवी ती रडली की आत्या तिला फिरवायच्या. एकदा मात्र ती रडायला आणि सरांनी टाइम-आउट घ्यायला गाठ पडली. मी धावत येऊन मिनिटभर तिला घेतलं, ती गप्प झाली. आत्यांनी हे बघून ठेवलं. त्यांची पक्की समजूत झाली की ही सोय आईसाठीच असते, आणि हातांची खूण केली की मिळते.

उपांत्य सामना. शेवटची दोन-तीन मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. सरांनी शेवटचा टाइम-आउट अगदी शेवटच्या चालीसाठी राखून ठेवलेला. मी कोर्टावर, आणि मित्राने टाहो फोडला. आत्यांनी तिला शालीच्या झोळीत छातीशी बांधलं, सरळ गुणलेखकांच्या टेबलापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी ठसठशीत टी केला. टेबलावर बसलेली मुलगी नवखी. तिने संघाचं जॅकेट बघितलं, बाईंचा रुबाब बघितला, आणि शिटी वाजून खेळ थांबताच हॉर्न दिला. सर खुर्चीतून ताडकन उठले. “टाइम-आउट कोणी घेतला?” “मी घेतला,” आत्या म्हणाल्या. “पोर कवाची रडती हाय, कुणाचं ध्यान नाय.” अख्खा बाक तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. सरांनी फळ्यावर चाल काढायला घेतली तर मित्रा, माझ्या कडेवरून, त्यांच्या हातातला खडू ओढायला लागली. चाल काही नीट कळली नाही. शेवटच्या चालीला टाइम-आउट उरलाच नव्हता, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

परतताना बसमध्ये सर कुणाशी बोलले नाहीत. घोटीला चहाला थांबलो तर टपरीवरची बाई “अगं बया, शिस्टर!” म्हणत आत्यांच्या गळ्यात पडली. आम्हा सगळ्यांना भजी फुकट मिळाली, सरांनी तीही खाल्ली नाहीत. नाशिकला उतरताना ते मला एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी मूल आणायचं नाही, स्नेहल. नाही तर तू येऊ नकोस.” मी घरी येऊन ढसाढसा रडले. आत्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळं गेली ना तुझी जागा?” खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.

दोन दिवसांनी आत्या लाडवांचा डबा घेऊन सरांच्या घरी गेल्या. सर मैदानावर असतील, अशीच वेळ धरून. थेट स्वयंपाकघर गाठलं. तिथे सरांच्या आई, निवृत्त शिक्षिका, वाटाणे सोलत होत्या. दोघींनी मिळून वाटाणे सोलले. आत तक्रार अशी काही झालीच नाही. आत्यांनी फक्त सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या चुकीसकट, आणि त्या बाई पोट धरून हसल्या. रात्री सर जेवायला बसले तेव्हा आईने पोळी वाढताना विचारलं म्हणे, “तू लहान होतास तेव्हा मी नोकरीवर जाताना तुला कुठे ठेवायची रे?” आईच्याच तिसरीच्या वर्गात, मागच्या बाकाखाली, सतरंजीवर ते वाढलेले होते, आणि तपासनीस आले की मुली त्यांना दप्तरांमागे लपवायच्या. हे सरांनीच पुढे आम्हाला हसत सांगितलं.

पुढच्या सरावाला सरांनी आमच्या बाकामागे एक खुर्ची ठेवली आणि तिच्यासमोर एक केशरी शंकू. “आत्याबाई, बसा. पण या शंकूच्या पुढे पाऊल नाही.” आत्यांनी मान हलवली. “आणि जॅकेट?” सर हतबल होऊन म्हणाले, “ते ठेवा तुम्हाला.” त्या खुर्चीचा हळूहळू दवाखानाच झाला. पाळी, गोळ्या, तांबी, घरच्यांची घाई, जे घरी विचारता येत नाही ते मुली तिथे विचारायच्या. मालेगावची रेहाना तर लग्नानंतर, घरून ‘आता खेळ पुरे’ सुरू झालं तेव्हा, एक दिवस त्यांचा हात धरूनच बसली. “आत्या, मेरे अम्मीको तुम्हीच समजाओ ना.” आत्या मालेगावला गेल्या, अम्मींच्या चुलीपाशी बसल्या, बिर्याणी खाऊन आल्या. पुढे रेहानाने बाकावर रुमाल टाकला तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिचं बाळ आत्यांनी पाहिलं, टोपडंही शिवलं... त्याला घेऊन स्पर्धेला जायचं मात्र राहून गेलं.

ते निळं जॅकेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेलं असतं. मी ते धुतलेलं नाही. खिशात ओव्याची पुडी आहे, चार सेफ्टी पिना आहेत. जाता येता मी बाहीला हात लावते. गेल्या रविवारी नाशिकातच सामना होता, रेहानाचा परतल्यानंतरचा पहिला, आणि बाळाला घेऊन तिच्या अम्मी येणार होत्या. निघताना मित्राने, ती आता शाळेत जाते, ते जॅकेट ओढून काढलं. मी म्हणाले, “ते नको गं.” ती म्हणाली, “अम्मीला थंडी वाजेल ना. त्या खुर्चीवर वारं लागतं.” मला नाही म्हणता आलं नाही.

अम्मी खुर्चीवर बसल्या, जॅकेट त्यांना जरा सैलच. मित्रा शेजारी उभी राहून काहीतरी शिकवत होती. तिसऱ्या सत्रात बाळ रडायला लागलं. आम्ही चांगले पुढे होतो, खेळ रंगात होता. मी बघितलं तर अम्मी बाळाला मांडीवर घेऊन, शंकूच्या अलीकडूनच, दोन्ही हातांनी टी करत होत्या. टेबलावरच्या मुलीने नियमाप्रमाणे तिकडे लक्ष दिलं नाही. मला हसू फुटलं.

सरांनी मागे वळून पाहिलं. मग ते उठले, टेबलापाशी गेले आणि आडव्या तळव्याखाली बोट टेकवलं. हॉर्न वाजला. रेहाना धावत गेली.