यजमान कोण?

माझ्या काकाला पाण्याबाहेरचं काही कळत नाही. मत्स्यालयात काचेच्या टाक्या घासायच्या आणि सहलीला आलेल्या पोरांना माहिती द्यायची, हे त्याचं काम. पण ऐट अशी, जणू समुद्र यानेच भरलाय. घरात मात्र चहाचा कप उचलून ठेवेल तर शपथ! शेवटी काकू वैतागली. "मी काय टाकीतली मोटर आहे का, रात्रंदिवस चालू राहायला?" म्हणाली आणि बॅग भरून बहिणीकडे निघून गेली.

काकाचं तोंड एवढंसं झालं. कच्चं-पक्कं खायचा आणि मला फोन करून विचारायचा, "कधी येणार गं ती?" मला रागही यायचा आणि कीवही.

तेवढ्यात महिला मंडळाने त्याला 'सहजीवन' या विषयावर भाषणाला बोलावलं. अध्यक्षबाईंच्या मनात संसार, काकाच्या डोक्यात मासे. कुणी कुणाला विचारलंच नाही. मी हातापाया पडून काकूला बहिणीसकट पहिल्या रांगेत आणून बसवलं. चारचौघांत तरी हा माणूस काही गोड बोलेल, अशी मला वेडीला आशा!

काकाने घसा खाकरला. "कधी दोघांचाही फायदा असतो. छोटा मासा मोठ्याचे दात साफ करतो. याचं पोट भरतं, त्याचं तोंड स्वच्छ होतं." बायका कौतुकाने हसल्या. "पण काही असतात परजीवी! यजमानाला चिकटून बसायचं आणि त्याचंच रक्त प्यायचं!"

नवऱ्याला यजमान म्हणणाऱ्या तमाम बायका लालबुंद झाल्या.

"म्हणजे आम्ही रक्त पितो?" अध्यक्षबाई कडाडल्या.

"अहो, नवरा नव्हे!" काका गडबडला. "ज्याच्या जिवावर दुसरा जगतो, तो यजमान."

काकू उठून उभी राहिली. "मग आपल्या घरात यजमान कोण?"

काकाने चष्मा काढून पुसला. "तू," तो म्हणाला. "मी नुसता चिकटलेला. तू गेल्यावर कळलं."

त्याचा आवाज चिरकला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूचाही चेहरा निवळला.

"आणि यजमान सोडून गेला, तर त्या परजीवीचं काय होतं?" तिने हळूच विचारलं.

मरतो म्हण रे बाबा, एवढंच म्हण! मी मनातल्या मनात ओरडत होते. पण माशांच्या बाबतीत काका कधी खोटं बोललेला नाही.

"बहुतेक वेळा," तो म्हणाला, "दुसरा यजमान शोधतो."

"शोधा मग," काकू म्हणाली आणि बहिणीचा हात धरून दाराकडे चालू लागली.