पंखासाहेबांचा शेवटचा कार्यक्रम

पंखासाहेब तरुणपणी व्हायोलिन वाजवत. म्हणजे शेजाऱ्यांचा तसा आरोप होता. शहराच्या वाद्यवृंदात त्यांना शेवटच्या रांगेत, खांबामागे बसवत, आणि खांबालाही ते फारसं आवडत नसावं. एकदा संचालक आजारी पडले. वाजवणाऱ्यांपैकीच कोणालातरी पुढे उभं करायचं ठरलं, आणि ज्याच्यावाचून काही अडणार नाही असा माणूस हा एकच होता. अशी कारकीर्द सुरू झाली.

पुढे निम्मं आयुष्य ते चौथऱ्यावर उभे राहून हात फिरवत राहिले. ते फिरवणं इतकं जोरदार, की पुढच्या रांगेच्या स्वरलिपीची पानं उडत. त्यावरून नाव पडलं पंखा. आईने पहिला कार्यक्रम पाहून विचारलं होतं, "सगळे वाजवत होते, तू काय करत होतास?" साहेबांनी तासभर समजावलं. "बरं," आई म्हणाली, "पण तुला वाजवायला कधी देणार?"

आईचं एक वेळ ठीक. खरा काटा होता मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवाला, सगळ्या तारवाल्यांचा म्होरक्या. जेवायला बसला की हमखास म्हणायचा, "दाजी, मनाला लावून घेऊ नका, पण तुम्ही नसलात तरी आम्ही वाजवतो." साहेब हसण्यावारी न्यायचे, पण ते आत सलायचं. आता निवृत्तीचा कार्यक्रम आला, आणि त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की आपण इतकी वर्षं काही केलं की नुसतेच हातवारे?

साहेबांची एक मिजास होती. समोर कागद ठेवायचा नाही, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी सकाळच्या तालमीत त्यांनी स्वतःच क्रम बदलला, संथ रचना मागे टाकली आणि द्रुत पुढे घेतली. संध्याकाळी स्वतःच विसरले. टाळ्या थांबल्या, साहेबांनी डोळे मिटून तीन मात्रांचा संथ, हळुवार हात सोडला, आणि वाद्यवृंद चार मात्रांत चौखूर उधळला.

मेहुण्याने गज उचलून सगळ्यांना बरोबर नेलं होतं. कोणी मानही वर केली नाही. साहेबांनी घाईघाईने हात सुधारून घेतला, सुटलेली गाडी पकडणाऱ्यासारखा. श्रोत्यांना पत्ताही लागला नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. म्हणजे मेहुणा खरं बोलत होता. साहेबांना रडू आलं. हात आपले सवयीने फिरत होते.

मग त्या रचनेच्या मध्यावरचा विराम आला. तिथे सगळी वाद्यं एकदम थांबतात. किती वेळ, हे कागदावर नसतं, ते संचालकाने ठरवायचं. एरवी साहेब तो चुटकीसरशी उरकत. आज हात खाली आला तो वर जाईना. सभागृह चिडीचूप झालं आणि सगळ्या माना वर झाल्या. गज तारांवर टेकलेले, ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगलेले, मेहुणा डोळे वटारून बघतोय. साहेबांनी एकेकाकडे सावकाश पाहून घेतलं. नाक खाजवलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग हात उचलला आणि सगळे तुटून पडले.

कार्यक्रमानंतर मेहुणा घाम पुसत आला. "दाजी, जीव घ्याल माणसाचा! किती थांबवलंत?"

"मग तू करायचं होतंस सुरू."

"कसं करणार?" मेहुणा वैतागला. "तुमचा हात कुठे उठला होता?"

घरी जेवताना साहेबांनी ते वाक्य त्याला बायकोसमोर पुन्हा म्हणायला लावलं.