नव्यांना झाडू, जुन्यांना किल्ल्या

रेडिओवर नव्या मंत्र्यांची यादी वाचली जात होती तेव्हा अराबाचा हात विकायच्या केंकीच्या, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांच्या, टोपलीत होता. क्रेन्सिल हे नाव आलं आणि हात तिथंच राहिला.

"बांधकाम आणि बाजार खातं, माननीय जोसेफ क्रेन्सिल," निवेदक म्हणाला आणि पुढच्या नावाकडे वळलासुद्धा.

रांगेतल्या बायका मात्र वळल्या नाहीत. शेजारच्या कढईत मासे तळणाऱ्या एफुआने झारा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "अराबा, मला नीट ऐकू आलं का गं? का तेलाचा आवाज मध्ये आला?"

"तेलाचाच असेल," अराबा म्हणाली.

"बाई, तेल एवढं खोटं बोलत नाही."

अबोकुमाच्या बाजारात क्रेन्सिल माहीत नाही असं माणूस नव्हतं. मागे, आता पुन्हा निवडून आलेल्या याच पक्षाचं राज्य होतं तेव्हा तोच या खात्याचा मंत्री होता. नवा दुमजली बाजार बांधतो म्हणून त्याने जुना बाजार पाडला, कोनशिला बसवली, फोटो काढले. मग खांब उभे राहिले आणि खांबच राहिले. आता त्यांच्यात बकऱ्या बांधतात. बाजारातल्या बायका तेव्हापासून हमरस्त्याच्या गटाराकडेला फळ्या टाकून बसतात. ट्रक गेला की पीठ, मिरची आणि डोळे, सगळ्यांत धूळ.

त्या बायकांनी याच पक्षाला पुन्हा मत दिलं होतं, आणि त्याचं कारण अराबाच्या घरात राहत होतं.

तिचा नवरा क्वामेना रेडिओवर फोन करायचा. एवढंच करायचा असं नाही, सायकली दुरुस्त करायचं दुकानही होतं त्याचं. पण सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमात रोज पक्षाच्या बाजूने फोन करणारा 'अबोकुमाचा ढोल' म्हणूनच तालुका त्याला ओळखे. पक्ष विरोधात होता तेवढी सगळी वर्षं त्याने ढोल बडवला. निवेदकाने नंबर सांगायच्या आत याचा फोन लागलेला असायचा. कुठल्या क्षणी बटण दाबायचं याचं त्याचं असं काही तंत्र होतं, आणि सायकलीच्या चेनपेक्षा ते त्याला जास्त प्रिय होतं.

निवडणुकीत तर त्याने कमाल केली. फुटबॉलचा मास्तर खेळाडू बदलायला सांगताना दोन मुठी एकमेकींभोवती फिरवतो ना, तीच पक्षाची खूण होती. बदल! क्वामेना ती खूण रेडिओवरही करायचा, जसं काही लोकांना दिसतंय. आणि एका सकाळी तो बोलून गेला होता: "माझ्या बायकोच्या टोपलीशप्पथ सांगतो, या वेळी जुनं एकही तोंड परत येणार नाही. ज्यांनी आपला बाजार मोडला ते तर नाहीच नाही."

टोपली अराबाची. शप्पथ घेताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी टोपली अर्धीसुद्धा रिकामी झाली नाही. बायका यायच्या, समोर उभ्या राहून दोन मुठी हळूच एकमेकींभोवती फिरवायच्या आणि पलीकडच्या फळीवर जाऊन केंकी घ्यायच्या. कोणी भांडलं असतं तर अराबाला बरं वाटलं असतं. भांडणात ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण या नुसत्या मुठींशी काय भांडणार?

घरी आली तर क्वामेना ओसरीत रेडिओला कान लावून बसलेला.

"ऐकलंस?" तिने टोपली आदळली.

"सगळी यादी ऐकली का तू? पूर्ण ऐकावी माणसाने. शिक्षणाच्या उपमंत्री म्हणून एक तरुण मास्तरीण आहे. मत्स्यखात्यात एल्मिना गावच्या नाखव्याचा मुलगा आहे. नवी माणसं आहेत, अराबा!"

"आहेत ना. उपमंत्री, सहमंत्री, शेजारमंत्री. नव्यांना झाडू दिलेत आणि जुन्यांना किल्ल्या."

"असं नसतं. राष्ट्राध्यक्ष नवा आहे. नव्या ड्रायव्हरला रस्ता माहीत असलेला क्लीनर लागतो बरोबर."

"ज्याने गाडी खड्ड्यात घातली त्यालाही रस्ता माहीत असतो, क्वामेना. खड्डा तर त्याला सगळ्यांत जास्त माहीत असतो."

"तू राजकारणात पडू नकोस."

"मी कुठे पडले? मला टोपलीसकट तू ढकललंस."

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. पक्षाचा तालुक्याचा सचिव ओटू आला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्वजांसाठी पाण्याचा घोट जमिनीवर सांडून झाला, कुशल विचारून झालं. आणि मग ओटूने आपण का आलो ते सांगितलं.

"ढोल, उद्या सकाळी कार्यक्रमात क्रेन्सिल साहेबांवर चर्चा आहे. विरोधी बाजूचे कावळे बसणारच. तू पहिला फोन लाव. अनुभव, एवढंच म्हणायचं. अनुभवाशिवाय बदल म्हणजे पोराच्या हातात सुरी. हे वाक्य वरून आलंय."

"पण ब्रदर ओटू," क्वामेना हळूच म्हणाला, "लोक बाजाराचं विचारतील."

"म्हण, मागच्या सरकारने काम अडवलं. आणि हे बघ, पुढच्या आठवड्यात नेमणूक पक्की करण्याआधी संसदेची समिती साहेबांना प्रश्न विचारणार, सगळा देश ऐकणार. आपण बस घेऊन राजधानीला, अक्राला जाणार, पांढरे कपडे, खांद्यावर विजयाची पावडर. साहेब आपल्या जिल्ह्याचे आहेत शेवटी! पुढच्या सीटवर तू. आणि बंदर विभागात नोकरीच्या जागा निघतायत... तुझं नाव मी विसरलेलो नाही."

तो गेल्यावर क्वामेनाने रेडिओचा आवाज उगाच कमी-जास्त केला. अराबा मक्याचं पीठ मळत होती. त्या पिठाला तिने बंदर विभाग समजून चांगलं तिंबलं.

"बोलणार आहेस?" तिने शेवटी विचारलं.

"पक्षाची शिस्त असते."

"बोल. पण बोलून झालं की सायकलींना कुलूप लाव आणि माझ्या जागी येऊन बस. उद्याची केंकी तू विकायची."

"पुरुषाने केंकी विकायची?"

"रस्ता माहीत आहे ना तुला? अनुभव नसला तर नसू दे, बदल म्हणून खपेल."

सकाळी बाजारातल्या प्रत्येक फळीवरचा रेडिओ एकाच केंद्रावर होता. निवेदक पा जोजोने "आज पहिला कोण?" म्हणायचा अवकाश, ढोल वाजायला लागला. अनुभव. पोराच्या हातात सुरी. मागच्या सरकारने अडवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. अराबाला ऐकताना वाटलं, हा माणूस माझ्याशी पीठ आणण्यावरूनही एवढं सुसंगत कधी बोललेला नाही.

एफुआने कढईतला मासा झाऱ्याने उगाच उलटला. बाजार गप्प बसला की फार वाईट दिसतो.

थोड्या वेळाने क्वामेना आला. बायकोच्या शब्दाला तो घाबरायचा, हा त्याचा एक गुण अराबा मान्य करायची. तिने कमरेचं फडकं सोडून त्याच्या हातात दिलं आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसली.

तो टोपलीमागे बसला आणि बायका आल्या. नवल बघायला बाजार नेहमीच येतो.

"हा बघा, ढोल! आवाजावरून मला उंच वाटला होता."

"काय हो दादा, हे गटार अनुभवी आहे का?"

"मागच्या सरकारने केंकीबरोबरची मिरचीही अडवली का तुमची? दिसत नाही कुठे!"

क्वामेना हसायचा प्रयत्न करत होता. फोनवर त्याला तोंड नव्हतं, नुसता आवाज होता. इथे तोंड होतं आणि ते कुठे ठेवावं ते त्याला समजेना. एक ट्रक धडधडत गेला आणि त्याने सवय नसल्यामुळे टोपली झाकली नाही. सगळ्या केंकीवर तांबडी धूळ बसली.

"रोज असं होतं?" त्याने मागे वळून विचारलं.

"नाही," अराबा म्हणाली. "रविवारी आम्ही चर्चमध्ये असतो."

मग एफुआ कढईमागून उठून त्याच्यासमोर उभी राहिली. तिची चेष्टा संपलेली होती. "क्वामेना, मी तुझ्या पक्षाची नाही. कुठल्याच नाही. मी तुझ्या बोलण्यावर मत दिलं, कारण तू अराबाचा नवरा. मला एवढंच सांग, ते खांब पूर्ण होणार का? तो क्रेन्सिल येऊन तेच खातं परत घेतोय, त्याला कोणी विचारणार आहे का?"

क्वामेनाने धुळीची केंकी फडक्याने पुसली. बराच वेळ पुसली. मग खिशातून फोन काढला.

"समिती प्रश्न विचारायच्या आधी लोकांचे प्रश्न मागवते. पा जोजो ते पुढे पाठवतो," तो म्हणाला. "मी विचारतो. कार्यक्रम अजून चालू आहे."

अराबा स्टुलावरून उठली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपल्याला चकित करेल ही आशा तिने सोडलेली होती. फोन लागला. त्याचा लागणारच.

"ढोल परत?" पा जोजो हसला. "बोला, पण वेळ थोडा आहे."

आणि क्वामेनाने सुरुवात केली. आधी देवाचे आभार. मग अबोकुमाच्या राजाला आणि राजमातेला नमस्कार. मग रेडिओ केंद्राच्या मालकाचं अभिनंदन. मग राष्ट्राध्यक्षांना दीर्घायुष्य. मग पक्षाचे तालुका, जिल्हा आणि प्रांत पातळीवरचे सगळे, नावानिशी. बायका वाट बघत होत्या. एफुआचे मासे करपायला लागले. "तर माननीय क्रेन्सिल साहेब, ज्यांच्याबद्दल आम्हाला अतोनात आदर आहे, त्यांना अत्यंत नम्रपणे..."

"धन्यवाद, ढोल! वेळ संपला. पुढचा फोन."

बाजार हसला नाही, कण्हला.

"अरे देवा," अराबा म्हणाली, "विचारायची वेळ आली तेव्हाही तू ढोलच बडवलास!"

"रीत असते ती! असं एकदम कसं..."

"लाव परत."

"माझा नंबर आता घेणार नाहीत. एका माणसाला दोनदाच."

"मग माझ्या फोनवरून लाव. लागेपर्यंत तुझं काम, पुढचं माझं."

त्याने तिचा फोन घेतला, डोळे बारीक केले, अर्ध्या जाहिरातीत बटण दाबलं आणि फोन तिच्या कानाशी धरला. लागला.

"कोण बोलतंय? आपलं नाव?"

"नाव मागाहून सांगते," अराबा म्हणाली. "आधी लिहून घ्या. क्रेन्सिलने अबोकुमाचा बाजार पाडला. खांब उभे करून गेला. आता राष्ट्राध्यक्षाने त्यालाच तेच खातं दिलंय. हा बदल कसा, ते त्याने समितीपुढे सांगावं. आणि छप्पर घालणार की नाही तेही, हो किंवा नाही. तिसरं उत्तर आम्हाला नको. हे सांगणारी मी अराबा. ढोलाची बायको. शप्पथ ज्या टोपलीची घेतली होती, ती माझी आहे."

पलीकडे पा जोजोने कागद ओढला. "लिहून घेतलं, आई," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

फोन ठेवायच्या आत क्वामेनाच्या खिशातला फोन वाजायला लागला. ओटूचं नाव होतं. एकदा वाजून बंद झाला, परत वाजला.

"बसमधली पुढची सीट गेली," क्वामेना म्हणाला. "बंदरही."

"उचल, आणि सांग त्याला."

"काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. सगळं मीच बोलायचं का?" तिने त्याच्याकडून फडकं ओढून घेतलं. "आणि ऊठ त्या जागेवरून, धूळ बसते आहे."

तो फोन कानाला लावून खांबांच्या दिशेने चालत गेला. देवाचे आभार न मानता त्याने सुरुवात केलेली अराबाला अर्धवट ऐकू आली, पण पुढचं ऐकायला तिला सवड नव्हती. एफुआ समोर उभी होती, हातात ताटली घेऊन.

"दोन दे," एफुआ म्हणाली. "वरच्या नकोत, त्या तुझ्या नवऱ्याने पुसल्यात. खालच्या दे."