गुडघ्यावरचा फेटा

"थांब. डोस्क्याला हात लावू नगंस. गुडघ्यावर बांध, मी घालतो."

पन्हाळ्याच्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय. सकाळचे साडेनऊ. नवऱ्या मुलाचा थोरला चुलता खुर्चीवर बसलेला. सगळे त्याला आबा म्हणत होते. फेट्याचा पहिला वेढा त्याच्या डोक्याभोवती झाला होता. तो त्यानं स्वतःच्या हातानं सोडला. सोडलेला फेटा माझ्या हातात दिला नाही, शेजारच्या खुर्चीवर टाकला. मी तो उचलून घेतला.

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस माझ्याशी गोड बोलत होता. "पावणं, हात चांगला बसलाय की तुमचा. गाव कंचं?" मी सांगितलं, मुरगूडच्या पुढं. "तिकडं आमची सोयरीक हाय. कुणाच्यातलं तुमी?" मी वडिलांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गावाच्या कुठल्या अंगाला घर, तेही सांगितलं, कारण त्यानं विचारलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पावणं म्हणणारा माणूस एका आडनावावर अरे-तुरेवर आला.

आणि मी गुडघ्यावर बांधला. हे लपवायचं नाही.

गुडघ्यावर फेटा बांधणं आमच्या धंद्यात नवीन नाही. शे-दोनशे वऱ्हाडी असले की आम्ही आदल्या दिवशी गुडघ्यावर बांधून तयार फेटे ठेवतो, टोपीसारखे घालायला. पण या घरानं आमच्या लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात बजावून सांगितलं होतं, मानाच्या माणसांना तयार फेटे नकोत, डोक्यावर बांधूनच पाहिजेत. तेवढ्यासाठी मला पाठवलं होतं. आता त्याच मानाच्या माणसांसमोर मी फरशीवर एक पाय दुमडून बसलो आणि दुसऱ्या गुडघ्याला नऊ मीटर कापड गुंडाळायला लागलो. त्यांच्या डोक्याला माझा हात चालत नव्हता, गुडघा चालत होता. हे एकालाही विचित्र वाटलं नाही.

आबांचा झाल्यावर दुसरा म्हणाला, "मलाबी तसंच." तिसरा नुसता लांब उभा राहिला. एकेक करत सगळे. मी मान खाली घालून बांधत होतो. पीळ, वेढा, तुरा. पीळ, वेढा, तुरा. घशाला कोरड पडली होती, पण पाणी मागायची हिंमत झाली नाही. पाणी मागितलं तर कशातून देतील, ही भीती. कोल्हापुरात अकरा वर्षं दुकानात काढलेल्या माणसाला ही भीती. माझीच मला लाज वाटली.

समोर सोफ्यावर नवरा मुलगा मोबाईल बघत बसला होता. त्याच्या अंगावरची शेरवानी मी निवडली होती. तीन वेळा आला होता तो दुकानात, आईला घेऊन. त्याला काळी पाहिजे होती. आई म्हणाली, शुभकार्याला काळं नको. दोघं हमरीतुमरीवर आले. मग मी मोतिया रंगाची काढली. आमच्या दुकानात एक पद्धत आहे. गिऱ्हाईक अडून बसलं की मी शेरवानी स्वतः घालून दाखवतो. माझी उंची, माझे खांदे सर्वसाधारण नवऱ्या मुलासारखे. कपडा अंगावर कसा पडतो ते आरशापेक्षा दुसऱ्याच्या अंगावर लवकर कळतं. मी घातली, दोन पावलं चाललो, आणि पोरगा म्हणाला, "हीच. हीच द्या काढून." माझ्या अंगातून निघालेली शेरवानी त्यानं तशीच घातली. मी त्याच्या गळ्याशी बटण लावलं, छातीवर टेप धरला, बाहीला टाचण्या मारल्या. तेव्हा मी दादा होतो. "दादा, दिवाळीला कुर्ता घ्यायलाबी तुमच्याकडंच येणार बघा," असं म्हणून गेला होता.

तेव्हा त्याला माझं फक्त नाव माहीत होतं. दुकानात आबांसारखं खोदून कुणी विचारत नाही. मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नाव पुरे. आडनाव, गाव कशाला सांगत बसतोस? गिऱ्हाइकाला कपड्याशी मतलब." मला वाटलं होतं, मालक चांगला माणूस आहे, मला सांभाळून घेतोय. अकरा वर्षं मी तसंच समजत होतो.

शेवटी नवऱ्या मुलाची पाळी आली. बाहेर वाजंत्री ताटकळलेले. आबा म्हणाले, "त्याचाबी गुडघ्यावरच बांध."

मी म्हणालो, "नवऱ्याचा तसा होत न्हाय. खाली मुंडावळ्या असतात. डोक्याच्या मापाला बसला न्हाय तर अक्षता पडायच्या आत डोळ्यावर येईल."

पोरानं मोबाईलवरून मान वर केली. मला वाटलं, आता बोलेल. हा शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा. त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं, "बांधा की दादा तसाच. उगंच वाढवू नका."

आबांच्या बोलण्यानं मी खाली बसलो होतो. याच्या बोलण्यानं उठलो. आबा निदान उघड होते. हा मला दादा म्हणत होता आणि फरशीवर बसवत होता. डोक्यात तिडीक गेली. मी कापडाची नीट घडी केली, सोफ्यावर ठेवली आणि म्हणालो, "न्हाय. डोकं पुढं केलं तर बांधतो. गुडघ्यावर आता एकबी न्हाय."

आबा हसले. "लई शाना झालास की." त्यांनी खिशातून फोन काढला आणि मालकांना लावला. दोन वाक्यं बोलून फोन माझ्यापुढं धरला. माझ्या हातात दिला नाही, लांबूनच धरला, आवाज मोठा करून. मालक म्हणत होते, "बांध की बाबा. एवढं काय त्यात? गिऱ्हाईक तुटंल माझं."

मी म्हणालो, "मालक, नाही जमणार," आणि बाहेरच्या व्हरांड्यात आलो. घरात मिळवणारा मी एकटा, पोरीचं दहावीचं वर्ष. हे सगळं एका दमात डोळ्यापुढं आलं.

नवऱ्या मुलाची आई माझ्या मागोमाग आली. दुकानात हिच्याशी तासन्‌तास बोललो होतो, हिच्या भावाचा कुर्तासुद्धा मीच निवडला होता. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खोटं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "दादा, मला ह्यातलं काय पटत न्हाय. पण आबांच्या म्होरं माझं चालत न्हाय. तुमी असं करा, मागच्या खोलीत चला. मी दार लावून घेते. डोक्यावर बांधा, तुमच्या हातानं. कुणाला कळायचं न्हाय."

इथं मी डळमळलो. खरं सांगतो. माझं म्हणणं मान्य होत होतं, नोकरी राहत होती, बाई हात जोडत होती. एक पाऊल मी टाकलंही. आणि मग ते "कुणाला कळायचं न्हाय" डोक्यात शिरलं.

मी म्हणालो, "काकी, बांधतो. पण दार उघडं ठेवून."

तिनं पदरानं डोळे पुसले. "ते जमायचं न्हाय, दादा."

"मग मलाबी जमायचं न्हाय."

मी पिशवी उचलली आणि रस्त्याला लागलो. नवऱ्यानं डोक्याला काय घातलं, मला माहीत नाही. मी मागं वळून बघितलं नाही. वडापच्या जीपची वाट बघत उन्हात उभा राहिलो आणि तिथं मला माझाच राग आला. आबांचा नाही, त्या पोराचाही नाही. दार लावून बांधा, असं ती बाई आज म्हणाली. मी तर अकरा वर्षं तेच करत होतो. हजारो माणसांच्या गळ्याला, खांद्याला, कमरेला हात लावला तो नाव अर्धं गिळून. त्यांनी मला मान दिला नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत होऊ नये याची काळजी मी घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावून घेतलं. आरडाओरडा केला नाही. चहा सांगितला. म्हणाले, "सीझन हाय. तुझ्यासारखा हात दुसऱ्याचा न्हाय. आठ दिवस घरात बस, मग ये. झालं गेलं विसरू. फक्त इथून पुढं गाव, आडनाव कुणी विचारलं तर काहीतरी दुसरं सांग. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

मी चहा पूर्ण प्यालो. कप ठेवला. म्हणालो, "मालक, हे मला चालणार नाही," आणि पगाराचं बोलणंसुद्धा न काढता पायऱ्या उतरलो.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कापड विकायला आडनाव लागतंय व्हय?" तिचं चुकत नव्हतं. घर तिला चालवायचं होतं. मी म्हणालो, "लागत न्हाय. पण मी ते लपवणारबी न्हाय."

आता मी स्वतःचं काम सुरू केलंय. माझ्या फोनमध्ये दुकानातल्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. पाडव्याला काय घालू, मेव्हण्याच्या लग्नात धोतर बरं दिसेल का, असं विचारायला हेच लोक मला फोन करायचे. आज मी त्यांना करतो. पहिला फोन लावला तो एका वकिलाला. सात वर्षं त्यांच्या घरातल्या प्रत्येक कार्याचे कपडे मी बघितले होते. त्यांनी आवाज ओळखला. "बोला की दादा."

मी म्हणालो, "साहेब, कामाआधी माझं पूर्ण नाव ऐका." नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गावाच्या कुठल्या अंगाला घर ते सांगितलं. मग म्हणालो, लग्नाचे, सणाचे कपडे निवडून देतो, फेटे बांधतो. डोक्यावर, चारचौघांत.

"बघतो, कळवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी दुसरा नंबर लावला, आणि परत नावापासून सुरुवात केली.