बदामाची बदनामी

तात्यांची झोप मी उडवली. तीही विज्ञानाच्या नावाखाली, आणि केवळ माझी स्कूटर सावलीत उभी राहावी म्हणून.

आमची चाळ मुलुंडला. अंगणात जंगली बदामाचं एकच झाड आणि त्याखाली तात्यांची खाट. खोलीत मुलगा, सून आणि चार नातवंडं. त्यामुळे गिरणी सुटल्यापासून, पावसाळा सोडला तर, तात्या बाहेरच झोपत. खोडाला एक खिळा होता, त्यावर त्यांची टोपी. आडवं होण्याआधी खोडावर थाप मारून ते विचारत, "काय रे, जेवलंस?"

त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. माझी आली तेव्हा सावलीची जागा तात्यांकडे होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चेहरा गंभीर करून म्हणालो, "तात्या, रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं. खाली झोपणं जिवावर बेतेल." यातलं पहिलं वाक्य पुस्तकातलं होतं, दुसरं स्कूटरचं.

तात्यांनी वर झाडाकडे बघितलं. "इतक्या वर्षांत माका कधी सांगल्यान नाय," एवढंच म्हणाले आणि खाट आत नेली.

तात्या कुठलीच गोष्ट अर्धी मानत नसत. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ते ताट बडवायला लागले. "गॅस सुटलो, घरात चला." अंगणात तांदूळ निवडणाऱ्या बायका सुपं घेऊन आत जायच्या. नळावर जाताना तात्या तोंडाला ओला पंचा बांधत. माझी स्कूटर मात्र रात्रभर झाडाखाली असे. ती श्वास घेत नाही, असं मी सगळ्यांना पटवलं होतं.

माघात पानं लाल होऊन गळाली. तात्या विचारायला आले, "मास्तर, आता पानां नाय. आता ह्या गॅस सोडता खयसून?" खाट परत येईल या भीतीने मी म्हणालो, "सालीतून. आणि आता दिवसासुद्धा."

हेही खरंच होतं. पण असल्या खऱ्याने चाळीची वाट लावली. सगळे मागच्या दाराने ये-जा करू लागले. भांडताना माणूस जास्त श्वास सोडतो, म्हणून तात्यांनी भांडणंही बंद केली. "पालवी फुटली की मगे भांडा," असं ते दोन्ही पक्षांना सांगत. नळावरची तीन भांडणं त्या वर्षी चैत्रापर्यंत थांबून राहिली.

पालवी फुटली, भांडणं उरकली. तात्यांची झोप काही परत आली नाही. त्या कोंदट खोलीत ते भिंतीला टेकून रात्र काढत. एका सकाळी नळाच्या रांगेत उभ्याउभ्या त्यांना झोप लागली आणि ते बादलीसकट कोसळले. कपाळाला खोक पडली. पट्टी बांधताना मी सगळं सांगून टाकलं. झाड रात्री जेवढा गॅस सोडतं, त्याहून जास्त शेजारी झोपलेला माणूस सोडतो, हेही सांगितलं.

तात्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे सा जणांच्या गॅसात माका झोपवलंस? आणि तुझी स्कूटर काय उदबत्ती सोडता, मेल्या?"

"चुकलो, तात्या. माफ करा."

"माझी कसली माफी मागतंस? झाडाची माग. नाव खराब केलंस त्याचा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते कपाळावर पट्टी घेऊन अंगणात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ताट बडवलं. सगळी चाळ गॅलरीत आली. मी स्कूटर ढकलत उन्हात नेली. तात्यांची खाट डोक्यावरून आणून जागेवर ठेवली. मग खिळ्यापाशी उभा राहिलो. हळूच पुटपुटलो, "चुकलो." तात्या म्हणाले, "मोठ्यान. त्याका पानांतसून ऐकाक येता."

मी खोडावर हात ठेवला आणि वर्गात बोलतो तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "मी तुझ्याबद्दल खोटं पसरवलं. मला क्षमा कर."