गोठ्यातला घास

पितृपक्ष सुरू झाला, शेजारच्या पत्र्यावर कावळे जमू लागले, की सोनपेठ तालुक्यातली ती एक नवमी मला हटकून आठवते. नोकरीत खून बरेच पाहिले. बहुतेकांचा शीण निवृत्तीबरोबर उतरला, याचा उतरला नाही. नावे कोणाचीच सांगणार नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील, बाकीच्यांना त्यांचा उपयोग नाही.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी ठाण्यात पाकीटमार, दारूची भांडणे आणि हरवलेल्या शेळ्या यांचीच वर्दळ असते. त्या गर्दीतून एक विशीतली मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली. चुडाव्याहून रेल्वेने परभणी आणि पुढे एसटी, अशी एकटीच आली होती. ती तान्ही असताना बापाने तिला आजोळी नेऊन सोडले, तिथेच मामाने वाढवले. आई बाजाराला म्हणून गेली आणि कोणाबरोबर तरी पळाली, एवढेच तिला आईबद्दल माहीत. माहेरच्यांनी लाजेपायी मान खाली घातली आणि तिचे नाव घेणे सोडून दिले. आता त्याच पळून गेलेल्या आईपायी या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती.

“साहेब, माजी आई जित्ती हाय का मेली, तेवढं हुडकून द्या,” ती म्हणाली.

“जिवंत असली तर काय करशील?”

“तिच्या दारात जाऊन थुकनार हाय. मंग तुमी मला आत टाका.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मी ‘मिसिंग’ची, म्हणजे बाई हरवल्याची, जुनी नोंद काढायला लावली. नवऱ्याने दिलेली त्रोटक खबर, तिच्याखाली कोणीतरी केलेला तितकाच त्रोटक तपास, आणि मग सगळे शांत. बाई पळून गेली म्हटले की गावालाही झोप लागते आणि ठाण्यालाही.

त्याच आठवड्यात मी तिच्या बापाच्या गोदाकाठच्या गावी गेलो. योगायोगाने तो नवमीचा दिवस निघाला. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षातल्या या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. माझी आई वडिलांच्या आधी गेली, त्यामुळे आमच्याही घरी त्या दिवशी स्वयंपाक होता. वेळेवर या म्हणून बायकोने बजावले होते आणि मी नेहमीसारखा हो म्हणून निघालो होतो.

पोलीस पाटलाला बरोबर घेऊन त्या घरापाशी पोचलो, तर दारातून एक बाई बाहेर पडत होती. कपाळावर ताजे कुंकू, पदरात भरलेली ओटी. मी जागच्या जागी थांबलो. घरात कोण कोण आहे ते पाटलाने वाटेतच सांगितले होते. विधवा म्हातारी, तिचा एकुलता मुलगा, म्हणजे त्या मुलीचा बाप, त्याची दुसरी बायको आणि पोरे.

“पाटील, या घरात नवरा असताना कोणती बाई वारली?”

“कोनीच न्हाई, साहेब.”

“म्हातारीची सासू?”

“ती तर नवऱ्यामागं लय वर्सं जगली. पांढऱ्या कपाळाची म्या सोता बघितलीय.”

“मग ही ओटी कोणाच्या नावाची?”

पाटलाने टोपी काढून हातात घेतली.

मी घरात शिरलोच नाही. त्या सवाष्णीला तिच्या अंगणात गाठले. खाकी बघून बिचारी घाबरली.

“मावशी, तुमच्यावर काही नाही. कोणाच्या नावाने जेवलात, तेवढे सांगा.”

“म्हातारीच्या सासूच्या नावानं, म्हनती. दरसाल मलाच बोलावती.” मग म्हणाली, “एक येगळंच हाय बगा. आमी घास पत्र्यावर ठिवतो, कावळ्याला. ती म्हातारी गोठ्यात ठिवती. गाईम्होरं न्हाई, पार मागल्या कोपऱ्यात. आन् कितीतरी येळ हात जोडून बसती.”

पाटील हळूच म्हणाला, “तिथं आड हुता, साहेब. आटला म्हनून त्यांनी बुजवला, वर गोठा घातला. सून पळाली त्याच साली.”

म्हातारीच्या मुलाला चौकशीसाठी ठाण्यात नेऊन बसवले. तो मुरलेला होता. पळून गेलेल्या बाईचा जाब मला काय विचारता, म्हणून उलट माझ्यावरच तणतणला. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचे नसते. म्हणून महिला पोलीस बरोबर घेऊन मी म्हातारीकडे घरीच गेलो. घरचे दोघे वेगळे असले की खोटे बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघता येत नाही, हा माझा अनुभव. सुनेचा विषय मी काढलाच नाही. पाणी मागितले, प्यालो, गाईची चौकशी केली.

“आजी, तुमच्या सासूबाई आधी गेल्या की सासरे?”

“सासरा,” ती चटकन म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिचे तिलाच कळले.

“मग ताट कोणाचे?”

महिला पोलीस तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

“सपनात येती,” म्हातारी म्हणाली. “काई बोलत न्हाई. नुसती उपाशी बसून ऱ्हाती.”

मग सगळे बाहेर आले. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादम एकट्याला घेत नाही. बाळंतपण नुकतेच झालेले, पोरीला घेऊन थंडीत उसाच्या फडात राहणार नाही, म्हणून सून अडून बसली. नवऱ्याने रागाच्या भरात मुसळ डोक्यात घातले. ती उठली नाही. मायलेकांनी मिळून तिला आडात टाकले आणि पळून गेल्याची आवई उठवली. पुढे दुसऱ्या बायकोचे पहिले मूल दगावले तेव्हा म्हातारी धास्तावली. घरची सवाष्ण उपाशी आहे, तिला जेवू घालू दे, म्हणून ती मुलाच्या मागे लागली. तो म्हणाला, घाल, पण नाव आजीचे सांग.

तहसीलदार, डॉक्टर आणि पंच यांच्यासमोर म्हातारीने जागा दाखवली, गोठा हलवून आड उकरला. हाडे निघाली. हिरव्या बांगड्यांचे तुकडे आणि जोडवी निघाली. मुलगी लिंबाखाली उभी होती. “ही माजीच आई कशावरनं?” एवढेच तिने विचारले. तिच्या रक्ताचा नमुना घेऊन हाडांबरोबर प्रयोगशाळेत पाठवला.

न्यायालयाचे सांगायचे तर फार अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, जागा दाखवली तेवढाच भाग चालतो. म्हातारी खटला चालू असतानाच गेली. वार नेमका कोणी केला हे सिद्ध झाले नाही. मुलाला प्रेत लपवल्याची तेवढी शिक्षा झाली. मला त्याचा संताप आला होता आणि अजून येतो. या प्रकरणाने मला एक शिकवले. ‘पळून गेली’ हे दोन शब्द ऐकले की ते बोलणाऱ्याच्या घरात आधी नीट बघून यावे. माणूस पोलिसाला भीत नाही इतका मेलेल्याला भितो, आणि ती भीती घरात कुठेतरी दिसतेच.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा मी मुलीला बोलावून घेतले. हाडे तिच्या आईचीच होती.

“म्हंजी ती मला सोडून गेली न्हाई,” ती म्हणाली.

“नाही. तुला फडात न्यायचे नव्हते, म्हणूनच अडून बसली होती.”

तेव्हा मात्र ती रडली. “म्या तिला लय शिव्या दिल्या, साहेब. ल्हानपनापासनं.” मी चहा मागवला, तो तसाच निवला.

पुढच्या नवमीला तिचा निरोप आला, सवाष्ण म्हणून काकूंना घेऊन या. आम्ही दोघे तिच्या मामाच्या घरी गेलो. ताटात खीर होती, वडे होते, आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात सहसा नसतात ते धपाटे होते. बायकोने धपाट्याकडे पाहिले तशी मुलगी वाढता वाढता थांबली.

“काल मामा म्हनला, तिला धपाटे लय आवडायचे,” ती म्हणाली. “या घरात तिच्याबद्दल पयल्यांदाच कोनी काई सांगितलं.”

मामा उंबऱ्यात खाली बघत बसला होता. बायकोने ताट पुढे केले आणि आणखी एक धपाटा मागून घेतला.